मनगटावरची तीन बोटे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांनी विषय मनाशी ठरवूनच ठेवला होता. युनियनचा माणूस; किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा नव्या श्रमसंहिता यांवाचून तो दुसरे काय बोलणार? आम्ही 'मळमळ' हा विषय सांगितला तेव्हा त्यांना प्रथम आम्ही थट्टा करीत आहोत असे वाटले. ही थट्टा नव्हे. कर्करोगाच्या औषधोपचारात मळमळ का येते, ती थोपविण्याचे वैद्यकाला कितपत साधले आहे, आणि मनगटावरील एक जागा दाबली असता ती कमी होते असे जे म्हणतात त्यात तथ्य किती, एवढाच आजचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी झाले. तेव्हा वाचून, जाणत्यांना विचारून आणि घरात भोगून जेवढे पक्के झाले तेवढेच सांगणार आहोत.

विषय निवडण्यास दोन कारणे घडली. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक सभासद, प्रेसवर काम करणारा, पोटाच्या कर्करोगाने आजारी पडला. केमोथेरपी सुरू झाली. दोन वेळा तो रुग्णालयात गेला आणि तिसऱ्या वेळी गेलाच नाही. पैशाची अडचण असेल असे समजून आम्ही वर्गणी गोळा केली आणि त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "भाऊ, पैशाचं नाही. मरणाचंबी भ्या नाही. पण ती ओकारी पुन्हा नको." शेजारच्या तालुक्यात कोणी हातापायांचे बिंदू दाबून कर्करोग बरा करतो, असे त्याच्या कानावर आले होते. तो तिकडे जाऊ लागला. पाच महिन्यांनी तो रुग्णालयात परत आला तेव्हा डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे फारसे उरले नव्हते. आमची ती वर्गणी पुढे त्याच्या मुलांच्या फीला गेली.

दुसरे कारण आमच्या घरातले आहे. आमच्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, नंतर दर एकवीस दिवसांनी केमो. ती आज बरी आहे, आणि तिची परवानगी घेऊनच हे सांगत आहोत. तिच्या आजारात आम्ही जी चूक केली ती पुढे येईलच. त्याआधी मळमळ म्हणजे काय ते पाहू.

उलटी हे पोटाचे काम आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूचा जो खालचा भाग मानेकडे उतरून मज्जारज्जूला मिळतो, तेथे ही व्यवस्था आहे. शरीरात विष शिरले तर ते बाहेर टाकावे, हा तिचा हेतू. तेथील एक लहानशी जागा अशी आहे की रक्त आणि मेंदू यांच्यामधील नेहमीचा पडदा तिच्यापुढे नसतो. रक्तातून काय वाहत आहे ते तिला थेट कळते. दुसरी वर्दी आतड्यातून येते. लहान आतड्याच्या अस्तरातील काही पेशींत सेरोटोनिन नावाचे द्रव्य साठविलेले असते. केमोच्या औषधाने त्या पेशी दुखावतात, द्रव्य बाहेर सांडते, आणि जवळच असलेल्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची टोके ती खबर मेंदूकडे पोहोचवितात. पहिल्या दिवसाची उलटी मुख्यतः या वाटेने येते. दुसऱ्या दिवसापासून चारपाच दिवस जी मळमळ रेंगाळते तिच्यात 'सबस्टन्स पी' या निराळ्या द्रव्याचा हात मोठा असतो. म्हणूनच पहिल्या दिवशी गुण देणारी गोळी तिसऱ्या दिवशी पुरी पडेलच असे नाही.

याखेरीज एक तिसरी मळमळ आहे, ती औषध अंगात जाण्यापूर्वीच येते. एकदोन वेळा वाईट अनुभव आला की शरीर त्या अनुभवाच्या आसपासच्या सगळ्या वस्तू ध्यानात ठेवते. आमच्या पत्नीला दिलेले औषध तांबड्या रंगाचे होते. दुसऱ्या केमोनंतर तिच्या बहिणीने प्रेमाने कोकमाचे सरबत पुढे केले, आणि पेल्यातला तो रंग पाहूनच हिला उमासा आला. रुग्णालयाच्या जिन्यातील फिनेलचा वास आला की पुन्हा तेच. याला मनाचे खूळ म्हणणे हा अन्याय आहे. भोंगा झाला की कामगाराचे पाय आपोआप फाटकाकडे वळतात, तशी ही शरीराला लागलेली सवय असते.

आता औषधांकडे वळू. सिस्प्लॅटिन या औषधाला अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळाली. ते अनेक कर्करोगांवर प्रभावी ठरले. परंतु प्रतिबंधक औषध न दिल्यास ते घेणाऱ्या १० पैकी ९ हून अधिक रोग्यांना उलट्या होतात. पुष्कळ वर्षे रोगी आणि डॉक्टर दोघेही या उलटीपुढे हतबल होते. १९९१ साली अमेरिकेत ओंडान्सेट्रॉन मान्य झाले. सेरोटोनिन ज्या जागी जाऊन खबर देते ती जागाच हे औषध अडवून धरते. २००३ साली ॲप्रेपिटंट आले. ते सबस्टन्स पी ची जागा अडविते. यांच्या जोडीला डेक्सामेथासोन दिले जाते. मूळ मानसिक आजारांसाठी निघालेले ओलान्झॅपिन मळमळीवरही उपयोगी ठरले, पण त्याने फार झोप येते. या बाबतीत आपल्या मुंबईतच मोलाचे काम झाले. गिरणगावात, परळला, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की उलटी रोखण्याच्या कामी १० मिलिग्रॅमच्या ऐवजी अडीच मिलिग्रॅम ओलान्झॅपिन कमी पडत नाही, आणि दिवसाची गुंगी मात्र पुष्कळ कमी होते. ज्याला घर चालवायचे आहे, लोकलने वा एस.टी.ने घरी परतायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

तात्पर्य, उलटी थोपविण्याचा मुख्य आधार आज औषधच आहे. मात्र उलटी जेवढी आटोक्यात आली तेवढी मळमळ आलेली नाही. उलटी न होताही दिवसभर अन्नाचा वास नकोसा होणे, तोंडाला पाणी सुटत राहणे, हे शिल्लक राहते. मनगटाचा प्रश्न या शिल्लक भागापुरता आहे.

जुन्या चिनी वैद्यकात मनगटाच्या आतल्या बाजूस 'नेइगुआन' नावाची एक जागा सांगितली आहे. त्या नावाचा अर्थ 'आतला नाका' असा करता येईल. या जागी सुई टोचली वा दाब दिला तर मळमळ शमते, अशी तेथील परंपरा. पाश्चात्त्य डॉक्टरांपैकी ही गोष्ट गंभीरपणे तपासणाऱ्यांत बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील भूलतज्ज्ञ जॉन डंडी हे प्रमुख होत. १९८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीविषयीचा लेख आला, आणि पुढे त्यांनी केमो घेणाऱ्या रोग्यांवरही हा प्रयोग केला. त्यांना आढळले की सुईचा परिणाम सुमारे ८ तास टिकतो. पण मनगटावर गुंडी असलेली लवचीक पट्टी बांधून ती रोग्याने दर दोन तासांनी दाबली तर तो दिवसभर लांबविता येतो. सुईला तज्ज्ञ लागतो. बोटाला तो लागत नाही. ॲक्युप्रेशरचे आकर्षण येथेच आहे.

पत्नीच्या पहिल्या केमोनंतर आम्ही वाचनालयात हे सारे वाचले आणि भलत्याच उत्साहाने कामास लागलो. सकाळ-संध्याकाळ तिचे मनगट हाती घेऊन दाबीत बसावे आणि "कसं वाटतंय?" म्हणून विचारावे. ती म्हणे, "बरं वाटतंय." आम्हांला धन्यता वाटे. दुसऱ्या केमोनंतर पाचव्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. रुग्णालयात नेले, सलाईन लावले. तेथील सिस्टरांनी तिला "कसं वाटतंय?" असे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "कालपासून किती पेले पाणी पोटात राहिलं? लघवीला किती वेळा गेलात? उलटीच्या गोळ्या कोणकोणत्या वेळी घेतल्या?" मग खरे बाहेर आले. उलट्या रोज चारपाच वेळा होत होत्या, आम्ही कामावर गेल्यानंतर. ओंडान्सेट्रॉनच्या गोळ्या वेळेवर न घेता, फारच झाले तर एखादी, अशा ती पुरवून वापरीत होती. सांगितले तर डॉक्टर आणखी महाग औषध लिहून देतील, ही एक भीती. दुसरे कारण तिने मान खाली घालून सांगितले: "हे एवढं मन लावून दाबत होते. काही उपयोग होत नाही म्हटलं असतं तर ह्यांना वाईट वाटलं असतं."

तिसरी केमो एक आठवडा पुढे ढकलावी लागली.

श्रोतेहो, तीस वर्षे आम्ही कामगारांना एकच गोष्ट सांगत आलो, की तक्रार पोटात ठेवू नका, वेळेवर मांडा. आणि आमच्याच घरात एक माणूस तक्रार गिळून बसले होते, तेही आमच्या मदतीमुळे. बोटांच्या दाबाने तिला इजा झाली नव्हती. इजा झाली ती त्या दाबाआड खरी स्थिती झाकली गेल्यामुळे.

सिस्टरांनी आमची आणखी एक चूक काढली. आम्ही जागा शोधून दाखविली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अहो काका, तुमची बोटं काय मोजता? त्यांची मोजा." मोजमाप रोग्याच्या स्वतःच्या बोटांनी करायचे असते. आमची हातोडा धरलेली जाड बोटे तिच्या मनगटावर ठेवून आम्ही जागेपासून चांगलेच दूर, कोपराकडे सरकलो होतो. त्यांनी शिकविलेली रीत अशी. तळहात वर करावा. मनगटाला जी आडवी घडी पडते तिच्या लगत, कोपराच्या बाजूस, दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवावीत. अनामिका घडीला टेकलेली, मग मधले बोट, मग तर्जनी. तर्जनीच्या पलीकडच्या कडेला अंगठा टेकवावा. मूठ किंचित आवळली की तेथे दोन ताठ दोऱ्यांसारख्या शिरा बोटाला लागतात. त्या दोहोंच्या मधली खाच म्हणजे ती जागा. अंगठ्याने दोनतीन मिनिटे, जरा घट्ट पण दुखणार नाही इतका, हलका गोल फिरवीत दाब द्यावा. मग दुसऱ्या हातावर. दिवसातून काही वेळा, आणि मळमळ वाटू लागताच पुन्हा, असे करता येते.

काही पथ्येही त्यांनी सांगितली. सुई लावलेल्या हातावर, जखमेवर वा सुजेवर दाबू नये. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. त्या हातावर घट्ट पट्टी बांधू नये. आमच्या पत्नीला त्यांनी दुसराच हात दाबावयास सांगितला. केमोने रक्तातील प्लेटलेट्स उतरल्या असतील तर थोड्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या केमोंना गोळ्या वेळच्या वेळी, उलटी होवो वा न होवो, आणि जोडीला योग्य जागी दाब, असा क्रम ठेवला. तिसऱ्या केमोनंतर उलटी थांबली. मळमळ उरली, पण पेज आणि मऊ भात पोटात राहू लागला. यात गोळ्यांचे श्रेय किती आणि बोटांचे किती? एखाद्या कारखान्यात बोनस वाढतो, त्याच महिन्यात नवे यंत्र येते आणि उत्पादन वाढते. मालक म्हणतो यंत्रामुळे, आम्ही म्हणतो बोनसमुळे. एका कारखान्यावरून हा वाद मिटत नाही. एका घरावरून मळमळीचाही मिटणार नाही. त्यासाठी पुष्कळ रोग्यांचे गट पाडून तुलना करावी लागते, आणि एका गटाला खोट्या जागी दाब द्यावा लागतो. कारण आमच्या पत्नीप्रमाणे रोगी दाबणाऱ्याचे मन राखतो, किंवा गुण येईल या आशेनेच त्याला थोडे बरे वाटते.

अशा चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ साली तज्ज्ञांची परिषद भरविली. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोच्या मळमळीवर सुईचा उपचार उपयुक्त असल्याचा निर्वाळा तिने दिला. २००३ साली ७०० हून अधिक रोग्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत मनगटपट्टीने केमोच्या दिवशीची मळमळ कमी झाली. पण पट्टीचा गुण येईल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांना फरक अधिक जाणवला. २००६ साली ११ चाचण्यांचा, १,२४७ रोग्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात बोटाच्या किंवा पट्टीच्या दाबाने पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली, उलटी मात्र कमी झाली नाही. २००७ साली स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या १६० स्त्रियांची चाचणी झाली. काहींना ही जागा स्वतःच्या बोटाने दाबायला शिकविले, काहींना हातावरची दुसरीच जागा दाखविली, काहींना फक्त नेहमीची औषधे दिली. पहिल्या दिवशी तिन्ही गटांत फरक दिसला नाही. पुढच्या दिवसांतील मळमळ आणि उलटी खरी जागा दाबणाऱ्या स्त्रियांना कमी झाली. आणि २०१३ साली इंग्लंडमधून ५०० रोग्यांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. खरी पट्टी, खोटी पट्टी आणि पट्टीविना, असे तीन गट होते. त्यांच्या मळमळीत भरवसा ठेवावा असा फरक आढळला नाही.

साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत, हे आपल्या ध्यानात आले असेलच. एक म्हणतो पहिल्या दिवशी गुण आला, दुसरा म्हणतो नंतरच्या दिवसांत, तिसरा म्हणतो आलाच नाही. त्या जागेखालून हाताचा एक मोठा मज्जातंतू जातो, परंतु दाबाचा परिणाम त्यातून मेंदूपर्यंत नेमका कसा पोहोचतो याचा निर्णय झालेला नाही. यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष असा: हा लाभ झालाच तर बेताचा आहे, सर्वांना होतोच असे नाही, आणि त्यातला काही वाटा आशेचा आहे. परंतु खर्च शून्य आहे, रीत पाळली तर अपाय नाही, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने करण्यासारखे काहीतरी मिळते. तेव्हा करून पाहण्यास हरकत नाही. मात्र गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या ऐवजी नव्हे. आणि कर्करोगाच्या उपचाराच्या ऐवजी तर मुळीच नव्हे. मनगट दाबून कर्करोग बरा होतो असे कोणी सांगत असेल तर तो आपला जीव पणाला लावीत आहे, मग तो त्याचे पैसे घेवो वा न घेवो.

आम्ही घरात एक वही केली. कारखान्यातील हजेरीपटासारखी. सकाळ-संध्याकाळ मळमळीला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा, उलट्या किती, पाण्याचे पेले किती, कोणती गोळी किती वाजता घेतली. वही पत्नीने स्वतः लिहायची आणि आम्ही 'कसं वाटतंय' म्हणून विचारायचे नाही, असे ठरले. डॉक्टरांनी ती वही पाहून चौथ्या केमोच्या वेळी औषधात बदल केला. बाहेर तक्रार म्हणून जे सांगायला तिला संकोच वाटे ते आकड्यात लिहायला वाटला नाही.

आपल्या घरी असा प्रसंग आला तर एवढे ध्यानात ठेवावे. उलटीच्या गोळ्या लिहून दिलेल्या वेळीच घ्याव्यात, उलटीची वाट पाहू नये. गोळ्यांनी भागत नसेल तर डॉक्टरांना सांगावे, कारण दुसरी औषधे आहेत. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फारच कमी झाली असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये, तडक रुग्णालय गाठावे.

आमच्या युनियनने आता एक रिवाज पाडला आहे. सभासदाच्या घरी केमो सुरू झाली की दोघेजण भेटीस जातात. वर्गणी लागत असेल तर ती नेतातच. पण त्याबरोबर एक कोरी वही नेतात, गोळ्यांच्या वेळा तिच्यात मांडून देतात, आणि रोग्याची बोटे त्याच्याच मनगटावर ठेवून ती जागा दाखवितात. प्रेसवरच्या त्या सोबत्याकडे आम्ही गेलो तेव्हा हातात फक्त पैसे होते. त्याने त्याची अडचण स्पष्ट सांगितली होती, आणि तिला उत्तर आहे हे आम्हांला माहीत नव्हते. आज ते आपणांलाही माहीत झाले. आपल्या आळीत, चाळीत कोणी या उपचारातून जात असेल तर ते त्याच्यापर्यंत पोहोचवावे, एवढी विनंती.